उत्तम स्थळ, रोड टच

मराठी विषय शिकवायला लागून मला अठरा वर्षं झाली, आणि ‘स्थळ’ या शब्दाचे अर्थ किती, हे मला इंटरनेटनं शिकवलं.

आष्टीला आमच्या मालकांचा प्लॉटचा धंदा आहे. (मालक म्हणजे नवरा. आमच्याकडं नाव घेत नाहीत, त्यामुळं ज्याच्या नावावर एक वीतभर जमीन नाही तोही बायकोचा मालकच असतो. आमच्या मालकांच्या नावावर निदान जमीन होती.) नगर रोडला घरची अर्धा एकर जमीन होती, तिचे बारा प्लॉट पाडून ते चार वर्षं गिऱ्हाइकाची वाट बघत बसले होते. प्लॉटवर दोरी लावणं, टेप धरणं, चुन्याच्या रेघा मारणं हे काम माझे धाकटे दीर, संतोष भाऊजी करायचे. पाऊस आला की रेघा जायच्या, भाऊजी पुन्हा मारायचे. बाराही प्लॉट आमच्याकडंच राहिले.

भाऊजीही आमच्याकडंच राहिले होते. वय चौतीस, माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, दिसायला बरा, पण नोकरी नाही. मुलीकडचे यायचे, चहा प्यायचे, जाताना ‘कळवतो’ म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. शेवटी भाऊजींनी हात जोडून सांगितलं की वहिनी, माझ्यासाठी आता कुणाच्या दारात जाऊ नका. आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, नव्या सुनेसाठी कपाटाचा एक कप्पा तीन वर्षं रिकामा ठेवला होता. त्यात मी चुकून एक टॉवेल ठेवला तरी त्या तो उचलून बाहेर ठेवायच्या. बोलायच्या काही नाहीत. त्या रिकाम्या कप्प्याकडं बघून मला फार वाईट वाटायचं.

तर, धंदा. मालकांनी एक वेबसाइट करून घेतली होती, पण ती कुणाला सापडायची नाही. ‘आष्टी प्लॉट’ असं शोधलं की गावातले बाकी सगळे दलाल आधी यायचे आणि आम्ही पाचव्या पानावर. (तिथवर फक्त मालकच जायचे, तेही आपण आहोत का ते बघायला.) मग बीडला दलालांसाठी एक दिवसाचा वर्ग भरला. शोधात आपली साइट वर कशी आणायची, असा विषय. मालक गेले, दुपारच्या जेवणानंतर झोपले आणि छापील टिपण घेऊन परत आले. ते टिपण त्यांनी माझ्या हातात दिलं, कारण घरात लिहिण्याचं काम माझं.

मी ते परीक्षेसारखं वाचलं. गिऱ्हाईक शोधताना जो शब्द टाकतं, तोच शब्द आपण लिहावा. तो मथळ्यात यावा, मजकुरात यावा, फोटोखाली यावा, सोबत जिल्ह्याचं नाव यावं. शेवटी गिऱ्हाइकाला काहीतरी करायला सांगावं, म्हणजे ‘आजच फोन करा’, ‘प्रत्यक्ष पाहा’ वगैरे. सोपं होतं. फक्त शब्द निवडायचा होता.

मालक म्हणाले, ‘प्लॉट’ लिही. मी म्हटलं, तो इंग्रजी आहे, माझ्या हातून उमटणार नाही. मग म्हणाले, ‘जागा’ लिही. त्यावर मी त्यांना समजावलं की ‘जागा’ लिहिलं तर नोकरीच्या जागा शोधणारी पोरं येतील, शब्द कसा निःसंदिग्ध हवा. (एवढी दूरदृष्टी मला होती!) आणि मी ‘स्थळ’ हा शब्द निवडला. ‘बीड जिल्ह्यातील उत्तम स्थळ’ हा मथळा. खाली ‘निर्वेध स्थळ’, ‘पूर्वाभिमुख स्थळ’, ‘मध्यस्थ नाही, थेट मालकांशी बोला’. सगळ्या पानावर मिळून ‘स्थळ’ एक्केचाळीस वेळा. वर फोटो टाकला. त्यात मोकळी जमीन फार ओसाड दिसत होती, म्हणून भाऊजींना टेप घेऊन मधोमध उभं केलं होतं. फोटोखाली मी लिहिलं, ‘उत्तम स्थळ. एकदा प्रत्यक्ष पाहा.’

महिनाभरात आम्ही पहिल्या पानावर पहिले आलो. मालकांनी पेढे आणले. फोनही सुरू झाले, पण गिऱ्हाइकं जरा विचित्र होती. एका बाईनं विचारलं, उंची किती. मालकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, रस्त्यापासून दीड फूट खाली. दुसऱ्या एकानं विचारलं, रंगानं काळं का गोरं. मालक म्हणाले, काळी, चांगली कसदार. दोघांनीही फोन ठेवून दिले. लोकांना हल्ली जमिनीतलं काही कळत नाही, असं मालकांचं मत पडलं आणि मी त्याला दुजोरा दिला.

मग एका संध्याकाळी तेलगावहून फोन आला. तेलगाव म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक, तीन-साडेतीन तासांचा रस्ता. मालकांनी माझ्याकडं अभिमानानं बघितलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

“ते नेटवर स्थळ टाकलंय, ते तुमचंच का?” पलीकडचे गृहस्थ.

“आमचंच.”

“हाय का गेलं?”

“हाय की. लई जण बघून गेले, पण कुठं जमलं न्हाई.”

“कावून जमलं न्हाई?”

“आता काय सांगावं. समद्यायला पुण्यातलंच पाहिजे.”

“ते खरंय बघा,” गृहस्थ कळवळून म्हणाले. “सातबारा कसा हाय?”

“क्लिअर. बोजा न्हाई, भावाभावात वाद न्हाई. पाण्याला बोअर हाय.”

“आदी कुठं बोलणी झालती का?”

“एकदा झालती. समोरच्यानंच माघार घेतली, आमची काई चूक न्हाई.”

गृहस्थ म्हणाले, माणूस खरं बोलणारा दिसतो, रविवारी आठ-नऊ जण बघायला येतो. मालक म्हणाले, किती बी या, पसंत पडलं तर तिथंच बैठक करू.

रविवारी सकाळी दोन जीपा आल्या. फोनवरचे गृहस्थ पुढं होते, त्यांना सगळे तात्या म्हणत होते. बरोबर त्यांचे भाऊ, मेहुणे, एक मावशी आणि तात्यांची मुलगी अश्विनी. मावशींच्या हातात नारळ होता. प्लॉट बघायला नारळ घेऊन येणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली, आणि व्यवहार पक्का झाला असं मनाशी धरलं. आधी स्थळ बघू, मग चहा, असं मालक म्हणाले. तात्यांना ते पटलं आणि सगळे नगर रोडला गेलो.

भाऊजी तिथंच होते. गिऱ्हाईक येणार म्हणून पहाटेपासून रेघा मारत होते, त्यामुळं डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. दाढी आठ दिवसांची. हातात चुन्याचं घमेलं.

“स्थळ कुठंय?” तात्यांनी विचारलं.

“हे काय समोर,” मालक म्हणाले.

नऊ माणसं भाऊजींकडं बघायला लागली. आपण मधे येतोय असं वाटून भाऊजी बिचारे दोन पावलं डावीकडं सरकले. नऊ माना डावीकडं वळल्या. भाऊजी उजवीकडं गेले. माना उजवीकडं आल्या.

“जरा तण वाढलंय,” मालक म्हणाले, “ते आमी साफ करून देऊ. चार वर्षं असंच पडून हाय, पण आता भाव यायला लागलाय. पूर्वेला तोंड हाय बघा.” (भाऊजींचं तोंड खरोखरच पूर्वेला होतं.)

‘पडून’ ऐकून मावशींचा चेहरा पडला. व्यवहार हातचा जातोय असं दिसताच मी पुढं झाले आणि माझ्या ठेवणीतल्या मराठीत सांगितलं की स्थळ संपूर्ण निर्वेध आहे आणि त्याच्या चतुःसीमा निश्चित केलेल्या आहेत. मावशींनी भाऊजींच्या कमरेकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. अश्विनी मात्र खाली बघून हसत होती. का, ते तेव्हा मला कळलं नाही.

तात्या सरळ भाऊजींजवळ गेले. म्हणाले, “आमी लेकीसाठी बघतोय. तुमीच सांगा, कसं हाय?”

भाऊजींनी घमेलं खाली ठेवलं, आमच्याकडं एकदा बघितलं आणि आवाज बारीक केला, पण मला ऐकू येत होतं.

“लेकीसाठी असंल तर खरं सांगतो. आमच्या दादाला राग येईल. पण हितं पावसाळ्यात पाणी साचतं. पोरीनं हितं संसार मांडला तर जन्मभर तुमाला शिव्या घालील. त्यापेक्षा चार नंबरचा बघा.”

“चार नंबरचा कोण?” तात्या म्हणाले.

“चार नंबरचा प्लॉट.”

तात्यांनी सावकाश खिशातून मोबाईल काढला, पान उघडलं आणि मालकांसमोर धरलं. वर टेप धरलेले भाऊजी, खाली ठळक अक्षरांत ‘उत्तम स्थळ. एकदा प्रत्यक्ष पाहा.’ मालकांनी ते वाचलं. मग मालक, तात्या, मावशी, तात्यांचे भाऊ आणि मेहुणे एकेक करून माझ्याकडं वळले. मी तणाकडं बघत उभी राहिले. अठरा वर्षांत वर्गातल्या कुठल्याच पोरानं माझ्यावर अशी वेळ आणली नव्हती.

पण खरं वाईट वाटलं ते भाऊजींचं. ही माणसं प्लॉट बघायला नाही, आपल्याला बघायला आली होती, हे त्यांना सगळ्यात शेवटी कळलं. चुन्याखालीही चेहरा लाल झालेला दिसला. तात्यांना म्हणाले, माफ करा, तुमाला उगंच एवढ्या लांबून हेलपाटा पडला. आणि घमेलं उचलून चालायला लागले. ज्या माणसानं हात जोडून ‘आता नको’ म्हटलं होतं, त्याला मी जिल्हाभर जाहिरात करून उभं केलं होतं.

“थांबा वो,” तात्या म्हणाले.

भाऊजी थांबले.

“मी आतापातुर सतरा ठिकाणं बघितली. समदे आपलं झाकून दाखवितेत. तुमी सख्ख्या भावाच्या जागेतलं पाणी सांगितलं.” मग मालकांकडं वळून त्यांनी विचारलं, “च्या कुठं घ्यायचा?”

चहा घरी झाला. आत्याबाईंना मालकांनी दारातच काहीतरी पुटपुटून सांगितलं. त्यांना निम्मं कळलं असावं, पण नारळ बघितला आणि बाकीचं त्यांनी ओळखलं. भाऊजी अंघोळ करून, दाढी करून आले तेव्हा मावशी म्हणाल्या, तण काढल्यावर बरं दिसतंय. अश्विनी आणि भाऊजी ओट्यावर अर्धा तास बोलत बसले. तेलगावला ती ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवते, हे तेव्हा समजलं. कप ठेवायला ती आत आली तेव्हा मी तिची माफी मागितली.

“वहिनी, पानाच्या खाली बाराशे चौरस फूट लिहिलं होतं,” ती म्हणाली. “मला वाचता येतं.”

“मग वडिलांना का नाही सांगितलंस?”

“तुमीच लिहिलं होतं ना, एकदा प्रत्यक्ष पाहा म्हणून.”

मुलीकडच्यांना ‘कळवतो’ म्हणायची वेळच आली नाही. बैठक त्याच दुपारी झाली. लग्नानंतर आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं कपाटाचा तो कप्पा उघडून दिला आणि अश्विनीच्या साड्या लागताना बघत तिथंच बसून राहिल्या. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

साइट आता अश्विनी बघते. पहिल्याच दिवशी तिनं माझा सगळा मजकूर काढून ‘आष्टी नगर रोड प्लॉट विकणे आहे’ एवढंच लिहिलं. फोटोतून भाऊजींनाही काढलं (ते स्थळ आता उपलब्ध नाही, म्हणाली). तेव्हापासून पाच प्लॉट गेले, आणि मालक माझ्याशी बोलताना ‘प्लॉट’ हा शब्द जरा मोठ्यानंच म्हणतात. कोपऱ्यातला पाणी साचणारा मात्र अजून आहे. तिथं भाऊजींनी वांगी लावलीत.

गिऱ्हाइकांनी आपलं मत लिहायला साइटवर एक जागा असते. तिथं पहिलं मत तात्यांनी लिहिलं, पाचही तारे देऊन. ‘उतम स्थळ. सातबारा कलीअर. जावई खरं बोलनारे. कोपर्यात पानी साचते.’ एवढ्या चार वाक्यांत शुद्धलेखनाच्या पाच चुका आहेत. दुसऱ्याचं मत आपल्याला दुरुस्त करता येत नसतं, असं अश्विनीनं मला समजावून सांगितलं. तोवर मी तीनदा करून बघितलं होतं.