फळीचा कायदा

आमच्या गावात जेटीच्या रस्त्याला एक चहाची टपरी आहे आणि टपरीसमोर फळी. जुन्या होडीची, दोन दगडांवर टाकलेली. त्या फळीवर मी आणि माझा दोस्त तीस वर्षं रोज सकाळी बसत आलो. तो आखातात बोटीच्या इंजिनात काम करून परतलेला, आता सुपारीचा व्यापार बघतो. मी जन्मभर दुसऱ्यांच्या सुपारीवर चढलो आणि शेवटी पाच गुंठ्यांची स्वतःची वाडी केली. तो मशिदीच्या आळीतला, मी देवळाच्या. तो एका पक्षाचा, मी दुसऱ्याचा. मी चौथी पास. हे लिहिताना काना-मात्रा सुनेने सरळ केल्यात. शब्दांना हात लावू दिला नाही.

फळीचा एक कायदा होता. राजकारणावर बोलायचं तर आधी आपल्या पक्षाला शिव्या घालायच्या, मगच समोरच्याच्या पक्षाला. एका निवडणुकीत आमचं सहा महिने बोलणं तुटलं होतं, त्यानंतर आम्हीच हा कायदा केला. आधी आपल्या घरची घाण काढली की समोरच्याला राग येत नाही. तिसरा कोणी येऊन बसला तर त्यालाही तोच कायदा. पुष्कळ जण पहिल्याच पायरीवर अडकायचे आणि चहा पिऊन निघून जायचे.

दिवाळीच्या सुटीत एक पर्यटक आला. गोरागोमटा, अर्धी चड्डी, हातात फोन. चहा घेऊन समोर उभा राहिला. त्या दिवशी सुरुवात माझी होती. मी म्हणालो, आमच्या लोकांनी एकाच नव्या जेटीचे तीन वेळा नारळ फोडले. तीन मंडप, तीन बँडबाजे, आणि जेटी कुठाय तर करवंट्यांत. दोस्त खूश झाला. मग मी त्याच्या पक्षाकडे वळलो. म्हणालो, तुमच्यांनी तर एक नारळही फोडला न्हाय. तेवढ्यात त्या पाहुण्याने फोन वर धरलेला मला दिसला.

इथे खरं सांगायला पाहिजे. फोन बघितल्यावर मी टोपी नीट केली. आवाज चढवला. आणि रोजच्यापेक्षा एक वाक्य जास्त बोललो: "तुमच्यांना मत देणाऱ्यानं आधी आपलं डोकं कानाशी धरून हलवून बघावं, आत पाणी हाय का न्हाय." दोस्ताने लगेच स्वतःचं डोकं दोन्ही हातांनी धरून हलवलं आणि म्हणाला, "हाय, हाय, खळखळ वाजतंय." टपरीवाला हसला, मी हसलो, पाहुणाही हसला.

चार दिवसांनी मुलगा रोह्याच्या कंपनीतून घरी आला तो फोन पुढे करतच. माझं ते एकच वाक्य. मागे नारळ नाहीत, पुढे खळखळ नाही. दोस्त तर कुठेच नाही. मी एकटा, टोपी नीट केलेला, बोट नाचवत विचारतोय, आत पाणी हाय का. त्याला लोकांनी ढोलकी लावली होती. माझ्या तोंडाची चित्रं करून एकमेकांना पाठवत होते. मुलगा म्हणाला, "बाबा, लाखो लोकांनी बघितलंय."

मला आनंद झाला. लपवत नाही. सत्तर वर्षांत माझं कोणी चार माणसांपलीकडे ऐकलं नव्हतं.

मग आमच्या पक्षाची मंडळी गाडी घेऊन आली. अंगणात खुर्च्या टाकल्या, मला शाल घातली, नारळ दिला, फोटो काढले. म्हणाले, आजोबा, अजून एक असंच बोला. मी बोललो नाही, पण शाल घेतली. तिथे चुकलो. दुसऱ्या दिवशी दोस्त फळीवर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

मी गेलो नाही. म्हटलं, तीस वर्षं शेजारी बसलेल्याला मी समजावू? त्याला कळायला पाहिजे. आठ दिवस एकटाच बसलो. येणारी-जाणारी पोरं गाडीवरून ओरडायची, "आत पाणी हाय का?" आणि मी हात वर करायचो, कारण न करावा तर काय करावं. घरी बसावं तर पडवीत मुलगा. चाळिशीचा बाप्या, सुटीच्या दिवशी कानात बोंडं घालून फोनवर बंदुकीचा खेळ खेळतो आणि न दिसणाऱ्या माणसांना सांगतो, मागून मार. मी या खेळांना पहिल्यापासून नावं ठेवत आलो. मारायचंच तर समोर जाऊन मारावं. त्यानं एकदा मला दाखवलं. एक बेट असतं, त्यावर शंभर माणसं उतरतात, आणि भोवती एक गोल. तो गोल सारखा लहान होत जातो. गोलाबाहेर राहील त्याचं रक्त आपोआप कमी होतं, गोळी लागो न लागो. मी विचारलं, कोणाशी भांडण नसेल आणि बाहेरच उभं राहायचं असेल तर? तो म्हणाला, "तसा गेम नसतो, बाबा."

शेवटी सुनेला म्हटलं, त्या व्हिडिओखाली लोक लिहितात ते वाचून दाखव. मुलाने ते कधी वाचलं नव्हतं, फक्त आकडे सांगायचा. तिने चार ओळी वाचल्या आणि थांबली. मी म्हटलं, वाच. ती म्हणाली, "नको, बाबा." मी चष्मा लावून एकेक अक्षर जुळवत बसलो. माझ्या पक्षाबद्दल तिथे काही नव्हतं. दोस्ताच्या पक्षाबद्दलही नव्हतं. होतं ते त्याच्या आळीबद्दल, त्याच्या मशिदीबद्दल, त्याच्या बायकामुलींबद्दल. कोण कुठले लोक, माझ्या तोंडाखाली बसून लिहीत होते. मधूनमधून लिहिलं होतं, आजोबा खरं बोलले.

सुपारीवर चढणारा दर झाडाला खाली उतरत नाही. शेंड्याला बसून झाड हलवतो, झोका घेतो आणि पलीकडचं झाड पकडतो. माझं बोलणं तसं होतं, या झाडावरून त्या झाडावर. कोणीतरी मधल्या झोक्याचा फोटो काढला आणि जगाला सांगितलं, हा माणूस इथेच लटकतो.

त्याच दुपारी दोस्ताकडे गेलो. अंगणात सुपारी वाळत घातलेली, तो पायाने ती पसरत होता. "बस," म्हणाला. मी बसलो नाही. कायद्याप्रमाणे सुरुवात केली, आमच्या पक्षाचे तीन नारळ, मंडप, बँड, सगळं. तो सुपारी पसरत ऐकत राहिला.

"झालं?"

"झालं."

"हे तू माझ्या अंगणात बोललास. ते दुनियेसमोर बोललास."

"मी न्हाय, त्यानं कापलं."

"आणि शाल? ती पण त्यानंच पांघरली?"

तो म्हणाला, माझी नात शाळेतून रडत आली, पोरं तिला डोकं हलवून दाखवत होती. त्याने तिला सांगितलं होतं, हा माझा दोस्त आहे, मी तिथेच बसून हसलो होतो. ती म्हणाली, मग तुम्ही दिसत का नाही.

संध्याकाळी सुनेला म्हटलं, फोन धर, सगळं पुरतं बोलतो. मुलाने हात जोडले. कंपनीत त्याला चिकटवणारा ठेकेदार त्याच शालवाल्यांतला. "बाबा, आता गप्प बसा. तुमचं काय, मला रोज तिथं जायचंय." त्याचंही खोटं नव्हतं. बोलावं तर पोराच्या पोटावर पाय, न बोलावं तर तो झोक्यातला मी कायमचा. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी फळीवर जाऊन बसलो आणि सुनेला फोन धरायला लावला. टोपी काढून ठेवली. तीन नारळ सांगितले, मग डोक्यातल्या पाण्याचं ते वाक्य, मग माझ्या दोस्ताने डोकं कसं हलवलं तेही. आवाज चढवला नाही.

सुनेने टाकलेला तो व्हिडिओ कोणी फारसा बघितला नाही. त्याला ढोलकी लागली नाही. शालवाल्यांनी मात्र बघितला. दोघे मोटरसायकलवरून आले आणि गोड आवाजात म्हणाले, आजोबा, वय झालं, घरात आराम करा. मी आतून शाल आणून त्यांच्या सीटवर ठेवली. पुढच्या महिन्यात ठेकेदाराने मुलाला कंपनीतल्या भट्टीच्या जड कामावर घातलं. तो का ते सांगत नाही. मीही विचारत नाही. खेळ मात्र त्याने बंद केला.

आणि एका सकाळी दोस्त आला. फळीच्या आपल्या टोकाला बसला. दोन चहा आले. आदल्या दिवशी जेटीचा चौथा नारळ फुटला होता, ओल्या करवंट्या अजून रस्त्याच्या कडेला पडलेल्या. त्याने त्या बघितल्या. मी बघितल्या. कायद्याने सुरुवात माझी होती.

टपरीला टेकून एक पोरगी फोन धरून उभी होती. समुद्राकडे की आमच्याकडे, कळत नव्हतं.

"यंदा सुपारी बारीक निघाली," मी म्हणालो.

"पाऊस लांबला," तो म्हणाला, आणि पायाने एक करवंटी पालथी घातली.