हनुवटी टेकवून

जुनी बेस गिटार घ्यायची तर आधी तिचं पॉलिश बघायचं नाही. खांद्याकडच्या टोकाला, आम्ही त्याला शिंग म्हणतो, हनुवटी टेकवायची आणि जाड तार हलकेच ओढायची. लाकूड चांगलं असेल तर जबडा, दाढा, पार कानामागंपर्यंत घुमतं.

हे मला मामांनी शिकवलं. मामा सोलापुरातल्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे. पुढं गायक उड्या मारतायत आणि हे मागं उभे, हनुवटी गिटारीवर. लोक म्हणायचे, काय स्टाइल आहे राव! पुढं त्यांनी ती जुनी जपानी गिटार माझ्या हातात ठेवली आणि मोहोळजवळ शेतावर राहायला गेले. मामी गेल्यापासून तर ते बोलेनासेच झाले. दुःखानं असेल, असं आम्ही सगळे समजत होतो.

माझ्याकडं आणखी एक आहे, कोलकात्यात बनलेली, पोकळ पोटाची. सोलापूरच्या उन्हानं तिची मान वाकते आणि मग आमचं दोघांचं भांडण. पण जीव जपानीवरच. सात रस्ता चौकाजवळ, घरातल्याच एका खोलीत माझं काम चालतं. लोक गाणी पाठवतात, देवीची, हळदीची, आणि मी त्यात बेस भरून परत पाठवतो. शेजाऱ्यांची कटकट नको म्हणून सराव मात्र ॲम्प न लावता, हनुवटी टेकवून.

या उन्हाळ्यात करमाळ्याच्या एका गायकाचा फोन आला. "दादा, बेस लई झालाय की! देवी ऱ्हायली बाजूला, नुसतं ढुम्म ढुम्म."

माझं डोकंच सटकलं. "आधी तुझा स्पीकर बदल," म्हटलं. मग दुसऱ्यानंही तेच सांगितलं. मी तारा बदलल्या, हेडफोन बदलला, दोघांना मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. शेवटी स्पीकरवर लावून बघितलं, तर बायको दारात आली. "अहो, किती मोठा लावताय? आत मांडणीवरची भांडी वाजतायत." मला तर तो बेस बेताचाच वाटत होता.

दुसऱ्या दिवशी सरावाला बसलो. मान अवघडली म्हणून हनुवटी उचलली. तार बोटाखाली थरथरत होती आणि आवाज नव्हता. ॲम्प नसला तरी शांत खोलीत बारीक आवाज येतोच, इतकी वर्षं येत होता. हनुवटी टेकवली, आला. उचलली, गेला. बायकोला हाक मारून विचारलं, "तुला ऐकू येतंय का गं?"

"येतंय की. का हो?"

मी गिटार बाजूला ठेवली आणि चपला घातल्या.

कानाच्या डॉक्टरांनी एक लोखंडी नादकाटा वाजवून कानामागच्या हाडाला लावला. ऐकू आला. तोच कानासमोर धरला तर काहीच नाही. म्हणाले, "कानातलं एक बारीक हाड घट्ट होत चाललंय. आधी खालचे सूर जातायत, पुढं बोलणंही जाईल." ऑपरेशननं बहुतेकांचं सुधारतं, पण क्वचित तो कान कायमचा जातो, असंही सांगितलं. माझं सगळं पोट त्या खालच्या सुरांवर. केलं तरी भीती, नाही केलं तरी भीती. "घरात कुणाला असं होतं का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो.

बाहेर येऊन रिक्षात बसलो आणि स्टेजवरचे मामा डोळ्यांसमोर आले. अरे देवा! ती स्टाइल नव्हती.

रविवारी जपानी गिटार घेऊन मोहोळला गेलो. मामांनी ती मांडीवर घेतली, शिंगाला हनुवटी टेकवली, जाड तार ओढली आणि लहान मुलासारखे हसले. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "मामा, कान जातायत हे तुम्हाला कळलं होतं?"

"व्हय. डॉक्टरनं आपरेशन सांगितलं हुतं. लई भ्यालो. म्हनलं, गिटार तर येतीया की ऐकू, मग कशाला?"

त्यांनी तार हातानं दाबून बंद केली.

"गिटारीला हनुवटी टेकवली रं. तुजी मामी जाताना कायतरी सांगत हुती. व्हट हालत हुते. तितं काय टेकवू?"

मला तिथं थांबवेना. अंगणात येऊन डॉक्टरांना फोन लावला. म्हटलं, करायचंय, लवकरात लवकर करा. भीती काही गेली नव्हती, आजही गेलेली नाही. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे.

घरी आलो तेव्हा बायको कणीक मळत होती. "मामा बरे आहेत का?" तिनं विचारलं.

मला नीट ऐकू आलं होतं. तरी मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हटलं, "परत बोल ना."