चालतो मीच

आमच्या पनवेलच्या आळीतले ते गृहस्थ माणसाच्या तोंडाकडे बघतच नसत, पायांकडे बघायचे. मुंबईच्या स्टुडिओत ते पडद्यावरच्या नटांच्या पावलांचे आवाज काढायचे. खांद्याच्या पिशवीत कायम जुने बूट, सँडल, घुंगरं.

"हिरो कोनबी असूदे, चालतो मीच," म्हणायचे. "सिनेमा मुका होता तवा जन्मलो असतो, तर उपाशी मेलो असतो!"

बाबा दिसले की हाक मारायचे, "मास्तर, डावा पाय आजबी लेट हाय!"

बाबा गेले, तेव्हा त्या गृहस्थांनी बाबांच्या कोल्हापुरी चपला आईकडे मागितल्या. "वहिनी, टाकू नका. आमाला द्या." मला रागच आला. आईने मात्र दिल्या.

वर्षभराने, घरात केबल असूनही, आम्ही टॉकीजला गेलो. पडद्यावर एक म्हातारा अंगण ओलांडून घराकडे येत होता. आई खाली वाकून पिशवीत चष्मा शोधत होती. चपला करकरल्या, डावा पाय किंचित मागे राहून फरफटला.

आईचा हात पिशवीतच थांबला.

"आले," ती म्हणाली आणि पदर सावरून बसली.