ओली फरशी

बाळंतिणींच्या घरी जाऊन चौकशी करणाऱ्या त्या नर्सबाईला ऑफिसात सगळे तोफ म्हणायचे. तोंडावर अर्थातच नाही. उडून जायची हौस कुणाला? पायाला भिंगरी लावल्यासारखी ती जिने चढायची, बाळांची वजनं घ्यायची आणि बाळाभोवती कौतुक करत बसलेल्यांना म्हणायची, "जरा आईकडे पण बघा."

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरी ती प्रथम गेली, तेव्हा फरशी लखलखत होती. फिनेलचा वास नाकात जात होता. आणि बाळाची आई भिंतीला धरून उभी, चेहरा पांढराफटक. सिझेरियनचे टाके अजून ओले होते.

"फरशी कुणी पुसली?"

"हिनेच," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "काल तुमचा फोन आला ना! बाहेरचं माणूस येणार, घर नको का नीट दिसायला?"

तोफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण मदतीला यायचं आणि आपल्याच पायी हिनं ओणवं होऊन घर पुसायचं! टाके उसवले तर भोगायचं कुणी?

"मी घर बघायला येत नाही, हिला बघायला येते," ती म्हणाली. "टाके भरेपर्यंत वाकायचं नाही. आणि यापुढे मी फोन न करता येणार, सांगून ठेवते."

ऑफिसात साहेब म्हणाले, आधी कळवूनच जायचं, असा नियम आहे.

"नियमाला टाके पडलेले नाहीत, साहेब."

साहेबांनी पंख्याकडे बघितलं. तिनं तो होकार धरला.

पुढच्या आठवड्यात ती न सांगता गेली. दार उघडंच होतं. फरशी ओली. आई बादलीपाशी गुडघ्यांवर, एक हात पोटाशी धरलेला. नवरा मांडीवर बाळ घेऊन मोबाईल बघत बसलेला.

"तुम्ही कधीही याल म्हणालात ना," तो उठत म्हणाला, अगदी निरागसपणे. "म्हणून आता ही रोजच पुसते."

असल्या माणसांपुढे आपण शहाणपण चालवायला गेलो आणि भोग मात्र या पोरीच्या वाट्याला! तोफेला स्वतःचाही राग आला.

तिनं आईला हळूच उठवून पलंगावर निजवलं. नवऱ्याच्या हातातलं बाळ घेऊन आतून आलेल्या सासूबाईंकडे दिलं आणि त्याच्या रिकाम्या हातात फरशीचं फडकं ठेवलं. तो आपल्या आईकडे बघू लागला.

"तिकडे काय बघता?" तोफ दारात खुर्ची ओढून बसली. "आज मला कसली घाई नाही. त्या कोपऱ्यापासून सुरू करा."