शिंप्याचा धाकटा पाय

शिंप्याला पाय एकच, पण जीभ दोन माणसांची. साखरेच्या दुखण्याने चार वर्षांपूर्वी डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, तेव्हापासून तो त्याला 'थोरले बंधू' म्हणे. "थोरले पुढे गेलेत, वर जागा धरून ठेवायला," असं गिऱ्हाइकांना सांगे. कपडे वेळेवर मिळतील ना, असं कुणी विचारलं की म्हणे, "मिळतील हो, मी काय पळून जाणारे?" समोरच्याला हसावं की नको कळत नसे, आणि ते पाहून याला उकळ्या फुटत. उरलेल्या उजव्या पायाने तो दिवसभर शिलाई मशीन चालवी.

त्याच्या बायकोला, शिंपिणीला, या थट्टेचं मर्म ठाऊक होतं. बरा असला की दिवसाला दोन-तीन विनोद. मनात काही सलत असलं की तोंडाचा पट्टा थांबत नसे. या आठवड्यात तो थांबलाच नव्हता. म्हणून तिने धुवायला टाकलेला मोजा उलटा करून पाहिला. अंगठ्यापाशी काळपट डाग होता.

"मशीनचं तेल सांडलं गं."

"मोज्याच्या आतून सांडतं होय?"

"मग धाकट्यालाही थोरल्यांचा निरोप आला असेल."

मागच्या वेळीही अंगठ्यापासूनच सुरुवात झाली होती, आणि तेव्हाही हा माणूस आठ दिवस लोकांना हसवत बसला होता. तिला त्याचा संताप आला. दुकानाला कुलूप लावून तिने त्याला तडक दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण तरुण, मोजकं बोलणारी. तिने त्याच्या तळव्याला टाचणी टोचली. "दुखतंय?"

"छे! डास बरा चावतो."

अंगठ्याजवळ टोचली. "इथे?"

"चालू द्या, बाई. काजं करताय वाटतं?"

डॉक्टरिणीने टाचणी खाली ठेवली. "जाणीवच राहिलेली नाही. आता औषधावर थांबता येणार नाही. उद्या भरती व्हा. अंगठा जाईलच, पाऊल वाचेल का ते सांगता येत नाही."

शिंपी पांढराफटक पडला. "अहो, दुखत होतं! मी आपली गंमत केली."

"पाय जाणार म्हटल्यावर सगळेच असं म्हणतात."

दुखलं की हसायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं; ते आज नेमकं अंगाशी आलं. टोचताना त्याने खुर्चीचा हात घट्ट आवळला होता, ते शिंपिणीने पाहिलं होतं. पण बायकोची साक्ष कोण धरणार?

"डोळे बांधा यांचे," ती म्हणाली. "आणि न सांगता टोचा."

रुमाल बांधला. शिंप्याचे ओठ हलत होते, पण एकही विनोद बाहेर पडेना. डॉक्टरिणीने टाचणी नुसती हवेत धरली. तो गप्प. मग टाचेला लावली.

"टाच!"

"आता?"

"तळवा... कडेला."

अंगठ्याच्या टोकाला टोचली. तो गप्पच. डॉक्टरिणीने टाचणी जरा मागे, डागाच्या कडेला नेली.

"आई गं! मेलो! बास करा हो, फार दुखतंय," तो ओरडला आणि हमसून हमसून रडायला लागला.

"टोक गेलंय, पण पाऊल जिवंत आहे," डॉक्टरीण म्हणाली. "औषध सुरू करू."

शिंपिणीने डॉक्टरिणीचा हात मनगटाशी धरला. "अजून एकदा टोचा, बाई. मला नीट ऐकू दे."