लादिदीच्या कादंबरीचं कुलूप

नायजेरियातल्या कानो शहराच्या दोरायी मोहल्ल्यात नुराला सगळे ‘इंजिनियर’ म्हणत, कारण तसं म्हणायला त्यानंच सांगितलं होतं. बांधलं म्हणाल तर त्याने कोंबड्यांचं खुराडंही बांधलेलं नव्हतं. घरातसुद्धा काळा चष्मा, अत्तराचा घमघमाट आणि तोंडात सतत ‘भविष्य’.

लादिदी मात्र खरंच काहीतरी करायची. विधवा बाई, दिवसा शिवणयंत्र, आणि पहाटे फजरची नमाज झाली की मोबाइलवर कादंबरीचं एक प्रकरण. ज्या बाईला हवं तिने पैशांऐवजी रिचार्ज कार्डाचा आकडा पाठवायचा, की व्हॉट्सॲपवर प्रकरण हजर. घेणारी एक, ऐकणाऱ्या वीस. कारण लादिदीची बालमैत्रीण हन्साई शेजारच्या अंगणात बसून ते मोठ्याने वाचायची. आवाज असा खणखणीत, की भिंतीपलीकडच्या बायका फुकटात रडायच्या. मग निरोप यायचे, “अगं, त्या सासूला एवढ्यात नको मारूस! अजून सुनेचा सूड उरलाय.” लादिदी दुसऱ्या दिवशी सासूला उठवून बसवायची.

नुराला हे बघवेना. लादिदीला तो मानाने ‘हाजिया’ म्हणे.

“हाजिया, एकीनं घ्यायचं आणि मोहल्ल्यानं ऐकायचं, ही चोरी आहे.”

“ऐकणं चोरी कधीपासून झालं, मालम नुरा?”

“आपण कुलूप घालू. ब्लॉकचेनचं. पैसे टाकल्याशिवाय उघडणार नाही. जगभरच्या संगणकांवर एकदम कोरलं जाईल, कुणाच्या बापाला पुसता येणार नाही. आणि कुलपाआड जरा झणझणीत लिहा. उघड्यावर लिहीत नाही, ते.”

लादिदी शहाणी होती. पण ‘जगभर’ हा शब्द ऐकला की शहाण्या माणसाचंही डोकं फिरतं.

तिने झणझणीत लिहिलं. हन्साईच्या घरी सवत आली, तेव्हा हन्साईने एका ताईतवाल्या मौलवीकडून मंतरलेलं पाणी आणून नवऱ्याच्या फुऱ्यात, दह्या-बाजरीच्या पेयात, कालवलं होतं. नवरा दोन दिवस नुसता परसाकडे धावत होता. प्रेमबीम काही वाढलं नाही. हे हन्साईने आयुष्यात एकदाच, तेही रडत, लादिदीला सांगितलं होतं. लादिदीने नाव बदललं. पण हन्साईचा लंगडता पाय तसाच ठेवला, फुऱ्याचा निळ्या फुलांचा वाडगा तसाच ठेवला. सातवं प्रकरण कुलपात गेलं.

तिसऱ्या दिवशी हन्साई भिंतीवरून ओरडली, “लादिदी! मला जमणार नाही म्हणत होता ना तुझा चष्मेवाला? मोबाइलवाल्याने मोबाइलातच पैशाचं पाकीट उघडून दिलंय. शुक्रवारी सवतीच्या लेकराचं नाव ठेवायचंय, सगळ्या येताहेत. सातवं मीच वाचणार!”

लादिदीच्या हातातली सुई तिथेच राहिली. भर अंगणात, सवतीसमोर, आपल्याच तोंडाने हन्साई आपलीच लाज वाचणार होती.

ती तशीच नुराकडे गेली. “ते प्रकरण काढ.”

“निघत नाही. तेच तर त्याचं वैशिष्ट्य!”

“वैशिष्ट्य घाल चुलीत. मी लिहिलंय, मला नकोय.”

“हाजिया, भविष्यात मागं फिरता येत नसतं.”

“मेल्या, अल्लाहसुद्धा तोबा ऐकतो. तुझं यंत्र त्याच्याहून मोठं लागून गेलं का?” मग आवाज उतरवून तिने विचारलं, “किती जणींनी उघडलंय?”

नुराने बराच वेळ चष्मा पुसला. “एकाने.”

“कुणी?”

“मीच. चालतंय का बघायला.”

शुक्रवारी अंगण भरलं. मेंढा कापून झाला, बाळाचं नाव ठेवून झालं. हन्साई मधोमध मोबाइल घेऊन बसली आणि बसूनच राहिली. पाकीट रिकामं! त्या पाकिटाला बारा शब्दांची गुप्त किल्ली होती. मोबाइलवाला म्हणाला होता, पाठ करा. हन्साईला पाठ करायची एकच रीत ठाऊक, मदरशातली: सगळ्यांनी मिळून, डोलत, मोठ्याने. आठवडाभर अख्ख्या अंगणाने ते बारा शब्द घोकले होते. गल्लीतल्या कुणा भल्या माणसाने भिंतीपलीकडून ऐकून पैसे काढून घेतले.

“कुलूप कसलं हे, चाळणी मेली!” एक म्हातारी म्हणाली, आणि हशा पिकला. “लादिदी, तूच सांग गं सातवं, तोंडानं.”

लादिदी बचावली होती. काहीही रचून सांगितलं असतं तर चालून गेलं असतं. नुरा सोडून कुणीच वाचलं नव्हतं. पण वर बसलेला एक वाचणारा असा आहे, की त्याला किल्ली लागत नाही, हे ती लहानपणापासून शिकली होती. तिने हन्साईचा हात धरला आणि तिला चुलीमागे नेलं.

“त्यात तुझा फुरा आहे, हन्साई. वाडग्यासकट. मी लिहिला. आता पुसता येत नाही. मला माफ कर.”

बाहेर बायका ताटल्या वाजवत होत्या. तिने हात सोडवून घेतला.

“कुणी वाचलं?”

“फक्त नुराने.”

हन्साईने फडताळातून निळ्या फुलांचा वाडगा काढला आणि पदराने पुसला.

“त्याला म्हणावं, उद्या फुरा प्यायला ये,” ती म्हणाली. “तुझं बघते मी नंतर. आधी बाहेर जा आणि त्यांना दुसरं काहीतरी सांग. आणि त्या सासूला पुन्हा मारलंस, तर याद राख.”