कापलेला प्रसंग

आयर्लंडमधल्या गॉलवेहून निघतानाच माझं मन साफ नव्हतं. माझी मुलगी मृण्मयी त्या शहरात वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. हॉलिवूडच्या एका जुन्या, नामवंत दिग्दर्शकाने आपल्या आजोबांच्या गावी येऊन चित्रपट काढला होता. तिथे आता त्याचं छोटं संग्रहालय आहे. ते दाखवायला तिने खास रजा काढली होती.

"बाबा, तुम्ही पण डिरेक्टर. तुम्हाला आवडेलच."

मी उभ्या आयुष्यात दोन मराठी चित्रपट केले. दुसरा आठवडाभरात उतरला. तिला काय सांगणार?

रस्ता अरुंद. दोन्ही बाजूंना दगडांचे गडगे, पलीकडे काळपट बॉग (दलदलीची जमीन, तिथली माती वाळवून जाळतात). एका वळणावर आम्ही चुकलो आणि मेंढ्यांच्या कळपामागे अर्धा तास रखडलो. मला ते बरंच वाटलं.

संग्रहालय म्हणजे एक बैठं घर. दाखवायला मॉरा नावाच्या ऐंशीच्या घरातल्या बाई. पहिल्या खोलीत नुसते सन्मान: ऑस्करच्या सोनेरी बाहुल्यांचे फोटो, राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते पदक, विद्यापीठांच्या पदव्या. मूकपटांच्या सेटवर खिळे ठोकत सुरुवात केलेला माणूस, आणि म्हातारपणी अख्खं सभागृह त्याच्यासाठी उभं. मी प्रत्येक फोटोत खोट शोधत होतो. पाठीशी स्टुडिओ असता तर मीही काही कमी नव्हतो.

"युअर मॅन (तिकडे कुणाही पुरुषाला असं म्हणतात) फार कडक होता," मॉराबाई म्हणाल्या. "माझ्या आईला थंडीत दहा वेळा नदीत उभं केलं. आणि शेवटी तो प्रसंगच कापला."

"एवढा मोठा माणूस असं वागला?" मी विचारलं. माझा आवाज जरा जास्तच उत्साही निघाला असावा, कारण मृण्मयीने वळून पाहिलं.

मॉराबाईंनी आम्हाला स्वयंपाकघरात नेऊन गरम सूप आणि सोडा ब्रेड (यीस्टऐवजी सोड्याने फुगवलेला पाव) दिला. भिंतीवर चौकटीत एक पत्र होतं. दिग्दर्शकाने त्यांच्या आईला लिहिलेलं: तुमचं काम चोख होतं, चित्रपट लांबला म्हणून कापावं लागलं, चूक माझी, थिएटरात बसल्यावर कळू नये म्हणून आधीच कळवतो आहे.

"आई ताठ मानेने चित्रपट बघायला गेली," त्या म्हणाल्या.

मी ते पत्र पुन्हा वाचलं. माझ्या पहिल्या चित्रपटात मिरजेचे सावंतमास्तर होते, नाटकातले मुरलेले नट. त्यांचा एकुलता एक प्रसंग मी कापला आणि सांगायचं टाळलं. पहिल्या खेळाला ते सगळं घर घेऊन आले होते. मध्यंतरात मी प्रोजेक्टरच्या खोलीत लपलो.

परतीच्या वाटेवर मी मृण्मयीला हे सांगितलं.

"ते आहेत अजून?" तिने विचारलं.

विमानातही त्या दिग्दर्शकाचा हेवा सुटला नाही. पदकांचा सोसवला असता; त्या एका कागदाचा सोसवेना.

पुण्यात उतरल्यावर चौथ्या दिवशी मिरज गाठलं. मास्तर खाटेवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"माझं काम वाईट झालं होतं का?"

"नाही मास्तर. उत्तम झालं होतं. माझाच अंदाज चुकला."

"मग हे आत जाऊन हिला सांगा," ते म्हणाले. "इतकी वर्षं ती मला म्हणतेय, तुमचंच काहीतरी चुकलं असणार."